मुठीतली थरथर

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. घटक चाचणीचा पेपर सकाळी दहाचा होता. शनिवार-रविवार घरी घालवून मी पाळीहून पहाटे निघालो. सांखळी, केरी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी आणि बेळगाव हा माझा नेहमीचा रस्ता. थंडी होती, घाटात धुके होते, पण वेळेवर पोहोचलो. वर्गात बसलो, प्रश्नपत्रिका वाचली, पहिला प्रश्न येत होता म्हणून मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि पेन उचलले. पेन हातात आहे हे डोळ्यांना दिसत होते, बोटांना मात्र त्याची वार्ता नव्हती. तळव्यात मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे झाले होते. पहिली दहा मिनिटे जे अक्षर उमटले ते माझे मलाच वाचवेना. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या सरांनी त्या पानावर लाल शाईत नुसते एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते.

त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर शोधायला मला दोन महिने लागले.

माझी मोटारसायकल स्पोर्ट जातीची, एका सिलिंडरची, दोनशे सीसीची. जुनी विकत घेतलेली. बसण्याची ढबच अशी की अंग पुढे झुकते आणि अर्धा भार मनगटांवर येतो. तिच्या हँडलाला थरथर होती. सुरुवातीला ती थोडी होती, मग वाढत गेली. टॅकोमीटरचा काटा ५५०० च्या आसपास आला की दोन्ही आरशांतले मागचे जग विरघळून जाई आणि मुठींतून कोपरापर्यंत झिणझिण्या चढत.

यावर मी जे केले ते बहुतेक सगळे तरुण करतात. मित्रांना विचारले. एकाने सांगितले, ग्रिप बदल. मऊ फोमच्या ग्रिप बसवल्या. दुसऱ्याने जेल भरलेले हातमोजे घ्यायला लावले. तिसरा म्हणाला, चाकात दोष असणार. म्हणून दोन्ही चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले. चौथ्याने हँडलाच्या टोकांना लावायची जड वजने आणून दिली. खिसा हलका होत गेला आणि हँडल जड.

त्या वजनांनी मात्र एक गंमत केली. ५५०० वरची थरथर खरेच कमी झाली. मी खूश झालो. पण पुढच्या सोमवारी घाट चढताना पाहतो तो ४५०० च्या सुमारास तीच थरथर हजर! आधी ती सपाट रस्त्यावर भेटायची, आता नेमकी चढावर भेटू लागली. म्हणजे मी तिला घालवले नव्हते. तिचे फक्त बिऱ्हाड बदलले होते.

असे का झाले, हे मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाने सांगायला हवे होते, पण सांगितले भजनाने. आमच्या डिचोली तालुक्यात भजनाला तोटा नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कणीक लावली की चामड्याचे वजन वाढते आणि नाद खाली उतरतो. थोडी काढली की वर चढतो. नाद नाहीसा होत नाही, जागा बदलतो. हँडलाची नळीही तशीच. तिला तिचा म्हणून एक नाद आहे. इंजिनाचा ठेका त्या नादाशी जुळला की ती भरभरून डोलू लागते. टोकाला वजन लावणे म्हणजे पखवाजाला कणीक लावणे. ज्या वेगाने आपण फारसे जात नाही, तिथे तो नाद नेऊन ठेवता आला तर उपाय चांगला. पण पखवाज कोण बडवतो आहे आणि इतक्या जोराने का, हा प्रश्न तसाच राहतो.

हा सगळा प्रकार मी आमच्या फिजिक्सच्या सरांना सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "सोनोमीटरचा प्रयोग केलास ना? तारेवर कागदाची दुमड ठेवलीस, तार जुळली की कागद उडाला. तुझे आरसे म्हणजे तो कागद. कागद उडाला म्हणून कुणी कागदाला खिळा ठोकतो का? तू दोन महिने तेच करतो आहेस. आधी वारंवारता मोज. प्रत्येक थरथरीचा एक पत्ता असतो."

पत्ता कसा काढायचा ते त्यांनी फळ्यावर मांडून दाखवले. मोटारसायकलचे चाक आणि इंजिन वेगवेगळ्या गतीने फिरतात. टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ८ फेरे घेते. म्हणजे चाकात, टायरमध्ये किंवा रिममध्ये दोष असेल तर हाताला सेकंदाला आठ ठोके जाणवतील. ती थरथर नव्हे, धडधड. इंजिन मात्र मिनिटाला ५५०० फेरे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ९२ फेरे घेते. झिणझिण्या येतात त्या यामुळे. धडधड आणि झिणझिण यांतला फरक ज्याला कळला, त्याचे चाकांच्या बॅलन्सिंगचे पैसे वाचले. माझे गेले होते.

दुसरी कसोटी त्याहून सोपी. थरथर ज्या वेगाला येते त्या वेगाला, मोकळ्या सरळ रस्त्यावर, क्लच दाबून इंजिन मंद होऊ द्यावे. गाडी त्याच वेगाने धावत असते, चाके तितकीच फिरत असतात. थरथर गेली तर दोष इंजिनाच्या बाजूला. राहिली तर चाकांच्या बाजूला. आणि गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, नुसता ॲक्सिलरेटर पिळून तीच थरथर येत असेल तर शंकाच उरत नाही. ब्रेक लावतानाच हँडल हलत असेल तर डिस्क पाहावी. आणि हळू चालताना हँडल डावी-उजवीकडे डुलत असेल तर हँडलाचा कोन सेट.

इथे कुणी विचारील, इंजिन थरथरतेच का? एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खालीवर धावतो. प्रत्येक टोकाला तो थांबतो आणि उलटा फिरतो. तेव्हा इंजिनाला हिसका बसतो. तो मारण्यासाठी क्रँकच्या विरुद्ध अंगाला वजन ठेवतात. पण पिस्टन सरळ रेषेत जातो आणि ते वजन वर्तुळात फिरते. पूर्ण वजन ठेवले तर खालीवरचा हिसका मिटतो आणि तेवढाच पुढेमागे जन्माला येतो. म्हणून साधारण निम्म्यावर तडजोड करतात. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०४ साली उलट फिरणाऱ्या वजनदार दांड्यांचे पेटंट घेतले. आजच्या पुष्कळ इंजिनांत असणारा बॅलन्सर शाफ्ट हा त्याच कुळातला. १९६७ साली इंग्लंडात नॉर्टन कमांडो ही गाडी निघाली. तिच्यात थरथर मारण्याचा नाद सोडून इंजिनच रबराच्या गाद्यांवर टांगले होते. तात्पर्य, इंजिनाची थरथर शून्यावर कुणी आणलेली नाही. तिला कुठे जाऊ द्यायचे आणि कुठे नाही, एवढेच माणसाच्या हाती आहे.

पुढच्या रविवारी पाळीला घराच्या अंगणात गाडी स्टँडवर लावली. मोबाईलमध्ये फिफॉक्स नावाचा एक उपक्रम मिळतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तो तयार झाला आहे. फोनच्या आतला संवेदक वापरून तो कंपनांचा आलेख काढतो. फोन हँडलाला मिनिटभरच बांधला. कारण ॲपल कंपनीनेच २०२१ साली सांगितले आहे की मोटारसायकलच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्याला इजा होऊ शकते. जे फोनला सोसत नाही ते आपण हाताला सोसायला लावतो, हा विचार तेव्हा मनात येऊन गेला. न्यूट्रलमध्ये ५५०० वर काटा धरला. आलेखात ९२ च्या जवळ एक सुळका उभा राहिला, बाकी सारे सपाट. पत्ता मिळाला: इंजिन. पण घर क्रमांक मिळाला नव्हता.

बाबा पायरीवर बसून पाहत होते. बाबांनी वीसएक वर्षे खाणीवर दहा टनी ट्रक चालवला. खनिज भरायचे, मांडवीच्या काठावरच्या जेटीवर ओतायचे, पुन्हा मागे. तिथून ते बार्जमधून मुरगाव बंदराला जाई. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. पहिल्या खेपेलाच बाबांचा ट्रक विकला गेला. मी लहान असताना पाहिले आहे, स्टिअरिंगवर दोन बोटे टेकवून ते सांगायचे, "पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग बोलते आहे." आणि ते तेच असायचे.

मी त्यांना म्हटले, "बाबा, जरा हँडल धरून बघा. कुठून येते सांगा."

आमच्या घरातले बोलणे कोकणीत; इथे मी ते मराठीत आणतो. पण माझी आवळलेली मूठ पाहून बाबा जे म्हणाले ते एक वाक्य तसेच ठेवतो: "घट्ट धरलें म्हूण तें रावचें ना." धरून ठेवल्याने ते थांबायचे नाही. मग त्यांनी हँडल धरले. मी काटा ५५०० वर नेला. माझ्या शेजारी ठेवलेल्या डब्यातले नट नाचत होते. बाबांनी हात थोडा वेळ तसाच ठेवला, मग काढून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "मला नाही कळत."

मला वाटले ते चेष्टा करीत आहेत. पण ते आत गेले आणि जुना लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. त्याचे टोक इंजिनाच्या एका फाउंडेशन बोल्टवर टेकवले आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. ऐकले. मग दुसरा बोल्ट. मग तिसरा. चेन आणि फिरत्या भागांपासून शर्टाची बाही सांभाळत ते जमिनीवर जवळजवळ आडवे झाले होते. चौथ्या बोल्टवर, मागच्या खालच्या, ते थांबले. मला खूण केली. मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. बाकीचे तिन्ही बोल्ट एका सुरात घुमत होते. हा एकटा दात वाजावेत तसा कटकटत होता.

इंजिन बंद करून पाना लावला. पान्याची गरजच पडली नाही; नट बोटांनी फिरला. बोल्टच्या डोक्याभोवती तांबडी पूड जमली होती.

ती पूड मी महिनोन्महिने पाहत होतो. दर रविवारी गाडी धुताना फडक्याने पुसून टाकत होतो. पाळीत राहणाऱ्याला लाल धुळीचे नवल ते काय! इथे दारे, झाडे, देवळाच्या पायऱ्या, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांवर लाल थर बसत आलेला. पण बाबांनी ती पूड अंगठ्याने दाखवली आणि म्हणाले, "ही रस्त्याची नव्हे. रस्त्याची धूळ सगळीकडे बसते. ही एकाच ठिकाणी का?"

नंतर सरांनी त्याचे शास्त्र सांगितले. सैल बोल्ट आणि चॅसी एकमेकांवर सूक्ष्म घासत राहतात. पोलादाचे बारीक कण सुटतात, हवेतला प्राणवायू त्यांना लागतो आणि लोहाच्या ऑक्साइडची तांबूस पूड होते. तिच्यात मुख्यतः हेमेटाइट असते. आमच्या डोंगरांतून जे खनिज काढले तेही हेमेटाइटच. एकाच पदार्थाने मला फसवले होते. जो निरोप गाडी दर आठवड्याला लिहून ठेवत होती, तो मी गावची धूळ समजून पुसत होतो.

बोल्ट काढला तेव्हा मधोमध त्याची कंबर झिजून चकाकत होती. वर्षभरापूर्वी एका गॅरेजात या गाडीचे इंजिन उतरवले होते. पुन्हा बसवताना तो नट पुरता आवळायचा राहून गेला असावा. थरथर त्यानंतरच सुरू झाली होती, हेही मला तेव्हाच आठवले. चोर्ला घाटाच्या एखाद्या वळणावर तो बोल्ट तुटला असता तर काय झाले असते, याचा हिशेब मी अंगणात बसून केला आणि आईला सांगितला नाही. मऊ ग्रिप, जेलचे मोजे, जड वजने या सगळ्यांनी मिळून एकच काम केले होते: ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात दाबला होता.

नवा बोल्ट आणला. चारही बोल्ट आधी बोटांनी बसवले, मग थोडे थोडे आवळले आणि शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतकेच घट्ट केले. जोराने आवळणे आणि बरोबर आवळणे यांत फरक असतो. जास्त आवळलेला बोल्टही तुटतो. मग बाकीचे पाहिले. हँडलाचे क्लॅम्प. पुढचे चाक उचलून, शॉकॉबचे पाय धरून मागेपुढे ओढले. कोन सेटमध्ये खेळ नव्हता. चाक फिरवत चेन ठिकठिकाणी दाबून पाहिली, कारण ती एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असू शकते. टायर थंड असताना हवा भरली. शेवटी ती जड वजने काढून मूळची हलकी वजने लावली. संध्याकाळी पुन्हा फोन बांधला. ९२ चा सुळका होता, पण आधीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा. उरला तो एका सिलिंडरचा स्वभाव. त्याच्याशी आता माझे भांडण नाही.

एवढ्यावर हा लेख संपायला हरकत नव्हती. पण "मला नाही कळत" हे बाबांचे शब्द माझ्या मनातून जाईनात. ज्या हातांना दोन बोटांनी बेअरिंग कळत होते, त्यांना नट नाचवणारी थरथर कळू नये? मग एकेक आठवू लागले. थंडीच्या दिवसांत सकाळी बाबांना शर्टाची बटणे लावता येत नाहीत. आई लावून देते. कधी दोन बोटे टोकाला पांढरी पडतात. चहाचा पेला ते दोन्ही हातांनी धरतात. आम्ही सारे त्याला वय म्हणत होतो. तीही आमची पुसून टाकलेली लाल पूडच.

मी वाचू लागलो. इटलीत लोरिगा यांनी १९११ साली, हवेच्या दाबाची अवजारे चालवणाऱ्या कामगारांच्या बोटांविषयी लिहिले. १९१८ साली ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टर बाईंनी इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत दगड घडवणाऱ्यांचे हात तपासले आणि थंडीत पांढऱ्या पडणाऱ्या बोटांचा संबंध त्यांच्या हातातल्या हातोड्याच्या कंपनांशी जोडून दाखवला. जपानमध्ये मोटारसायकलवर टपाल वाटणाऱ्या पोस्टमनांचे आणि वाहतूक पोलिसांचे हातही याच प्रश्नासाठी तपासले गेले. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी मर्यादा घातली: आठ तासांच्या दिवसाला हाताला पोचणारे कंपन सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत गेले की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या पलीकडे जाऊच द्यायचे नाही. आधी मुंग्या येतात, मग बोटे पांढरी होतात, मग बारीक स्पर्श कळेनासा होतो. पहिल्या पायरीवर थांबले तर हात बहुधा सावरतात. शेवटच्या पायरीवरून परत येणे कठीण.

बाबांच्या बोटांचे कारण ट्रकच आहे असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ते सांगणे डॉक्टरांचे काम. साखरेच्या आजारानेही असे होते, इतरही कारणे असतात. पण हे वाचल्यावर मी बाबांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काम काय करत होता?" बाबांनी सांगितले. त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, आम्हीही नाही. आता तपासण्या चालू आहेत. विडी सुटली आहे, कारण तिने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. सकाळी ते हातमोजे घालतात. जेलचे तेच महागडे हातमोजे अखेर योग्य हातांत गेले.

मी आता मुठी सैल ठेवून चालवतो. भार मनगटांवर न टाकता पोटऱ्या आणि पाठीवर घेतो. कणकुंबीला थांबून दहा मिनिटे बोटे उघडमीट करतो, चहा घेतो. मार्चच्या पेपराला अक्षर माझे होते.

आपल्या कॉलेजच्या आवारात रोज सकाळी शंभरावर मोटारसायकली लागतात. त्यांतल्या कुणाच्या मुठीला थरथर असेल, तर त्याने बाजारात जाण्याआधी पाना घेऊन अर्धा तास गाडीपाशी बसावे. कुठे लाल पूड दिसली तर पुसू नये, आधी पाहावी. आणि घरी कुणाला थंडीत बटणे लागत नसतील, तर त्यांनी आयुष्यभर हातात काय धरले होते ते एकदा विचारावे.

परवा निघताना बाबांनी सवयीने हँडलावर हात ठेवला. मग हसून तो काढला, वाकून स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि म्हणाले, "चारही एका सुरात आहेत. जा."